बिनफुलाच्या झाडाचं कूळ

(दृश्य: येडशीचा डोंगर. करड्या झुडपांतून चरत जाणारी शेरडं.)

धाराशिव जिल्ह्यातला येडशी-रामलिंगचा परिसर. मे सरत आलाय. शेरडं राखणाऱ्या मामांना एक डहाळी दाखवून विचारलं, "मामा, याला काय म्हणता?"
"नाव न्हाई ठावं. शेरडं तोंड लावत न्हाईत, एवढं खरं."

वनस्पतिशास्त्रही आत्ता मामांइतकंच अडलेलं. झाड ओळखायचं तर पहिले प्रश्न फुलाचे: पाकळ्या किती, पुंकेसर कुठं चिकटलेत. इथं फूलच नाही. समोरासमोर लागलेली चार पानं तेवढी आहेत.

(दृश्य: ओसरी. पितळी ताटात पानं, शेजारी नेलपॉलिशची बाटली.)

जत्रेतल्या बांगड्यांच्या दुकानात मिळतं ते बिनरंगी नेलपॉलिश. पानाच्या पाठीला पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, वर चिकटपट्टी दाबून अलगद ओढायची. पापुद्र्यावर पानाच्या कातडीचा ठसा उतरतो. पेटारीसारख्या मखमली पानावर मात्र ही युक्ती फसते, कारण लव आडवी येते. तिथं ब्लेडनं साल सोलावी लागते.

डहाळीला हात घालण्याआधी ओळखीची पानं बघू.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून, ज्वारी.)

हे कडवळाचं पान. त्यावरची पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वास घ्यायची बारीक भोकं, तिफणीनं पेरल्यासारखी रांगेत. प्रत्येक रंध्राच्या दोन रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या, मध्ये बारीक, टोकांना फुगीर. गवताच्या कुळाची ही ठळक खूण. रांगांमध्ये वाळूच्याच घटकाचे, म्हणजे सिलिकाचे, बारके खडे. कडवळ कापताना हाताला चरे पडतात, त्यात सिलिकानं टणक झालेल्या काठाच्या काट्यांचा वाटा मोठा.

(दृश्य: धोतरा, मग तुळस.)

धोतऱ्यात रांग नाही, रंध्रं विखुरलेली. प्रत्येकाभोवती तीन साहाय्यक पेशी, त्यांतली एक लहान. मिरचीतही तेच; दोन्ही एकाच कुळातल्या. तुळशीत रंध्राला दोनच सोबती, आणि तेही आडवे धरलेले. मधले गोल थेंब म्हणजे तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो.

१८८९ मध्ये व्हेस्क या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञानं या मांडण्यांना कुळांचीच नावं दिली: मोहरीच्या कुळाची, कॉफीच्या कुळाची, अशी. पण तीच मांडणी नात्यात नसलेल्या झाडांतही निघू लागली. १९५० मध्ये मेटकाफ आणि चॉक या वनस्पतितज्ज्ञांनी कुळांची नावं बाजूला ठेवून पेशींच्या रचनेवरून नवी दिली. बरं झालं. नुसत्या चेहऱ्यावरून भाऊबंदकी ठरवली की घोटाळा होणारच. तारेसारखी लव पेटारीवर असते, तशीच वांग्यावरही असते, आणि दोघांची कुळं वेगळी.

दुष्काळी मुलखात आणखी एक गोम. पाण्याच्या ताणात पान लहान राहतं, पेशी आखडतात आणि तेवढ्याच जागेत रंध्रं दाट दिसतात. म्हणून नुसती रंध्रं मोजून भागत नाही. एकूण पेशींत रंध्रं शेकडा किती, हा हिशोब सॉल्सबरी या वनस्पतितज्ज्ञानं १९२७ मध्ये मांडला. तो ऊनपाण्यानं तेवढा हलत नाही.

(दृश्य: आडुळशाचं पान, सोललेली साल.)

आता आडुळसा. रंध्रं तुळशीसारखीच, दोन आडव्या सोबत्यांची. पण सालीत हे बघा, चिरूटासारखे लांबट खडे, चुनखडीचे. नेलपॉलिशच्या ठशावर ते नीट उमटत नाहीत, साल सोलावीच लागते. तुळशीच्या कुळात हे खडे नसतात. काष्ठौषधीच्या धंद्यात आडुळशाच्या पानांत महारुखाची पानं मिसळतात. एकदा पूड झाली की डोळ्याला फरक कळत नाही, सूक्ष्मदर्शकाला कळतो. महारुखात खडे सापडत नाहीत.

(दृश्य: डहाळीचं पान. ब्लेड. काच.)

आता मामांची डहाळी. साल सोलली, पाण्याच्या थेंबात ठेवली. रंध्रं दोन आडव्या सोबत्यांची. काच थोडी सरकवली.

खडे आहेत.

(दृश्य: वर्तमानपत्रात दाबलेली डहाळी, कोपऱ्यात चिठ्ठी.)

चिठ्ठीवर लिहिलं: येडशी, मे महिना. कूळ आडुळशाचं. त्याखालची नावाची ओळ कोरी ठेवली. मामांना सांगून आलोय, पावसाळ्यानंतर फूल दिसलं की फोन करा.