अंधारातला वासाचा निरोप

ही बघा, रेशीमकिड्याच्या पतंगाची मादी. नुकतीच कोशातून बाहेर आलीये, हिला उडता येत नाही, हाक मारायला आवाज नाही. ती फक्त पोटाचं टोक वर करते आणि तिथली इवलीशी ग्रंथी बाहेर काढते. बस्स. आता त्या कोपऱ्यातला नर बघा, इतका वेळ गप्प बसलेला, त्याच्या कंगव्यासारख्या अँटेना आधी थरथरल्या, मग पंख फडफडायला लागले आणि आता गोल गोल फिरत फिरत तो बरोब्बर तिच्याकडेच निघालाय.

त्या वासात नेमकं काय असतं हे शोधायला जर्मन केमिस्ट अडॉल्फ बुटेनांट आणि त्यांच्या टीमने तब्बल ५ लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्या, हाती लागलं ते फक्त काही मिलिग्रॅम. १९५९ मध्ये त्याला नाव मिळालं, बॉम्बिकॉल. एकाच जातीतल्या जीवांनी एकमेकांना असा निरोप द्यायला सोडलेल्या पदार्थाला फेरोमोन म्हणतात, हा शब्दही त्याच वर्षीचा.

पण बहुतेक पतंगांचं काम एका पदार्थावर भागत नाही, मिश्रण लागतं आणि त्याचं प्रमाणही ठरलेलं. मका पोखरणाऱ्या अळीचा युरोपातला पतंग घ्या. याच्यात दोन गट आहेत, दोघांच्या माद्या तेच दोन पदार्थ सोडतात, पण एकीचं प्रमाण साधारण ९७ ला ३ आणि दुसरीचं जवळपास १ ला ९९, एवढ्यावरच एका गटाचे नर दुसऱ्या गटाच्या मादीकडे सहसा फिरकत नाहीत.

आता खरी गोम इथे आहे. मादी कुठलं प्रमाण बनवणार हे एक जीन ठरवतं आणि नर कशाच्या मागे जाणार हे दुसरंच. मग एखाद्या मादीचा वास जरा जरी बदलला तर तिच्याकडे येणार कोण? ती एकटीच राहणार, तिचं जीन तिच्याबरोबर संपणार. या हिशोबाने वास कधी बदलायलाच नको होता, आणि तरी हजारो जातींचे हजारो वास आहेत!

उत्तराचा एक धागा याच पतंगाच्या आशियातल्या भावकीत सापडला. तिथल्या मादीच्या वासाच्या रेणूत दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बन अणूंमधला दुपदरी जोड, एक घर पुढे सरकलेला आहे, फरक म्हणाल तर एवढाच. तो बंध तिथे बसवणाऱ्या एन्झाईमचं जीन युरोपातल्या मादीकडेही आहे, फक्त ते झोपलेलं आहे, वापरातच नाही. संशोधक वेंडेल रोलोफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे दाखवलं आणि मला तर पुढचा भाग जास्तच आवडतो, त्यांनी युरोपातले नर हवेच्या बोगद्यात सोडले, तर त्यातले अगदी मोजके नर आशियातल्या वासाकडेही उडत गेले. म्हणजे कधीकाळी एखाद्या मादीत ते झोपलेलं जीन जागं झालं असेल तेव्हा तिला ओळखणारे थोडे का होईना, नर आधीपासूनच तिथे हजर असावेत.

फुलपाखरं दिवसा उडतात, लांबून डोळ्यांनीच ओळखतात, त्यामुळे त्यांच्यात वासाचं काम जवळ आल्यावरचं आणि ते बरेचदा नराकडे. मोनार्क फुलपाखराच्या नात्यातले काही नर तर खुळखुळ्यासारख्या झाडांची वाळकी पानं ओरबाडून त्यातलं विषारी अल्कलॉइड घेतात, त्यापासून सुगंध तयार करतात आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या केसांच्या कुंचल्याने तो मादीच्या अँटेनांवर शिंपडतात.

कोबीवरच्या मोठ्या पांढऱ्या फुलपाखराचा नर वेगळंच करतो, मीलनाच्या वेळी मादीच्या अंगावर बेंझिल सायनाइडचा वास सोडून जातो, मग दुसरे नर तिच्या वाटेला जात नाहीत. दोघांचीही सोय झाली म्हणायची, पण हा वास तिसरंच कुणीतरी ओळखतं. जरा अजून जवळून बघा, मादीच्या अंगावर ठिपक्याएवढं काहीतरी चिकटलंय ना, ती ट्रायकोग्रामा गांधीलमाशी आहे, अर्धा मिलिमीटरची. वास घेत घेत ती इथवर आली आणि आता ही मादी उडेल तिकडे तीही जाणार. मादी कोबीच्या पानावर बसली, अंडी घातली... आणि ही बघा, गांधीलमाशी खाली उतरली. त्या ताज्या अंड्यांमध्ये आता ती स्वतःची अंडी घालतेय.