नांगराच्या गावची व्यंगचित्रं

(स्टेशनचा बोर्ड, मागून मालगाडी)

हे किर्लोस्करवाडी, तालुका पलूस, जिल्हा सांगली. मिरज-पुणे लाइनवर हा बोर्ड खिडकीतून सगळ्यांनी बघितलेला असतो, पण मराठीतलं एक गाजलेलं मासिक इथून निघायचं आणि त्यात संपादक स्वतः कार्टून काढायचे, हे आता इथल्या पोरांनाही सांगावं लागतं.

(कारखान्याचं गेट, जुना नांगर)

१९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना टाकला. नुसता निवडुंग होता इथं. लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणायचे, लोखंड लागलं की जमीन नासते. आता यांना पटवायचं कोणी? तर पुतणे शंकरराव, म्हणजे आपले शंवाकि (शंकर वासुदेव किर्लोस्कर). लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेला माणूस, इथं येऊन कारखान्याच्या जाहिरातींचं काम बघायला लागला आणि त्यातूनच १९२० ला ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, तेच ते मासिक, आणि संपादक शंकररावच. आधी कारखान्याचंच पत्रक, मग कथा आल्या, लेख आले, सावरकरांचे निबंध आले, १९३० ला ‘स्त्री’ पण इथूनच सुरू झालं.

आम्हाला विचाराल तर कार्टूनचं मूळ त्या नांगरातच आहे. डोक्यातलं खूळ काढल्याशिवाय माल खपत नाही हे कळलेला माणूस पुढे शिवाशिव, सोवळंओवळं, भोंदूगिरी यांच्या मागे लागला तर नवल काय!

(सांगलीतला जुना छापखाना, ब्लॉकचा क्लोजअप)

कार्टून छापलं कसं जायचं, आता हे नीट बघा. टाकाने काळ्या शाईत चित्र काढायचं, त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. रेघा तेवढ्या उंच राहतात, बाकीचं खाल्लं जातं. मग तो पत्रा लाकडावर खिळ्यांनी ठोकला की झाला ब्लॉक, त्यावर सगळं उलटं दिसतं, डावा हात उजवीकडे. रेघ फार बारीक असेल तर ॲसिडमध्ये तुटते किंवा छापताना शाईने भरून जाते, म्हणून त्या काळची कार्टून्स अशी ठसठशीत. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवताना कंपोझिटर ब्लॉक मजकुरात बसवणार, मशीनवाला खाली कागदाचे कपटे लावून उंची सारखी करणार, तेव्हा कुठे पान निघणार.

सनातनी मंडळी चिडायची ती चिडलीच. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कारखाना पेटला, पुढे मासिकं पुण्याला गेली.

(माळ्यावरचे गठ्ठे)

तुमच्या घरी असे जुने अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी निदान कार्टूनच्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि अंकाचा महिना-वर्ष दिसेल असं मुखपृष्ठ पण घ्या.