आग विझल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

घराला आग लागली, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, बंब आला, आग विझली. यानंतर जो तो त्या कुटुंबाला एकच सांगतो, "जीव वाचला ना, वस्तू काय, पुन्हा घेता येतील." खरं आहे. पण हे वाक्य ज्याचं घर जळलं त्याने म्हणावं, आपण म्हणू नये. पाचच मिनिटांपूर्वी त्याला आठवलेलं असतं, की आईचं हस्ताक्षर असलेली वही त्याच कपाटात होती.

मला आज बोलायचं आहे ते आग विझल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांबद्दल. अनेकदा आगीतून वाचलेलं सामान याच दिवसांत हातचं जातं. काळंकुट्ट घर बघवत नाही, म्हणून चार माणसं जमतात आणि सगळं उचलून कचऱ्यात टाकतात. थोडं थांबा. अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय आत जाऊ नका. जाताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेत. काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा.

दागिने ठेवले होते ती जागा माहीत असेल, तर तिथली राख गार झाल्यावर चाळून घ्या. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, सोनं 1064 अंशांना. वितळलं तरी ते नाहीसं होत नाही. राखेत वेड्यावाकड्या गोळीच्या रूपात सापडू शकतं. घडण गेली, धातू राहतो. तिजोरी मात्र पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. आत तापलेल्या कागदांना एकदम हवा मिळाली, तर ते डोळ्यांदेखत पेट घेऊ शकतात.

ज्या खोलीपर्यंत ज्वाळा पोचल्याच नाहीत, तिथेही काजळी असते. ती ओल्या फडक्याने पुसली, तर भिंतीत आणि कापडात आणखी मुरते. वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, ओलावा मिळताच त्याचं आम्ल होतं, आणि ते उपकरणांच्या आतला धातू खातं. म्हणून वरून धडधाकट दिसणारा टीव्ही किंवा कॉम्प्युटर "चालतोय का बघू" म्हणून लावू नका. उष्णता किंवा धूर लागलेली औषधं आणि खाद्यपदार्थ मात्र खुशाल टाका, तिथे जीव अडकवण्यात अर्थ नाही.

फोटो आणि कागद बऱ्याचदा आगीपेक्षा पाण्याने जातात. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात ते वाळवणं जमणार नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. जर्मनीत वायमार इथल्या आना अमालिया ग्रंथालयाला 2004 मध्ये आग लागली, तेव्हा भिजलेली हजारो पुस्तकं अशीच गोठवून ठेवली आणि नंतर सावकाश वाळवली. शेजाऱ्याच्या फ्रीझरमध्ये एक अल्बम नक्की मावेल.

मग येते यादी. विमा असेल तर कंपनी यादी मागते: वस्तू कोणती, कधी घेतली, केवढ्याला. पॉलिसीत भरपाई झिजलेल्या वस्तूची मिळणार आहे की तशीच नवी घेण्याएवढी, हे आधी वाचा, फरक मोठा पडतो. पण यादी करणं हे काम किती जड असतं, ते कागदावर दिसत नाही. माणूस मनातल्या मनात घरात शिरतो, एकेक खण उघडतो. टीव्ही, पलंग पटकन लिहून होतात. मग शिवणाचा डबा, चष्म्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, मुलांची प्रगतिपुस्तकं. यातल्या निम्म्या गोष्टींना किंमतीचा रकानाच लागू होत नाही. ही यादी एका बैठकीत उरकायला लावू नका.

कागदपत्रांत आधी ओळखपत्राच्या मागे लागा, कारण बाकीच्या नकला मागताना तेच दाखवावं लागतं. आगीचा अधिकृत दाखलाही लवकर घ्या.

आणि तुम्ही नातेवाईक किंवा मित्र असाल, तर जुन्या कपड्यांचं गाठोडं नेण्याआधी काय हवंय ते विचारा. रांगेत उभं राहायला सोबत जा. शिवाय आपल्या मोबाइलमधले त्या घरात काढलेले फोटो शोधा. वाढदिवसाच्या फोटोत मागे अख्खं कपाट दिसत असतं. विम्यासाठी तो पुरावा होतो, आणि ज्यांचे सगळे अल्बम गेले त्यांना घरातल्यांचे चेहरे परत मिळतात. फक्त मूळ फोटो पाठवा. मेसेजमधून आकार कमी होऊन गेलेल्या फोटोत मागचं काही धड दिसत नाही.

नमस्कार.