जाळरेषा

जानेवारी सरत आलाय. खाली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यावरून धुकं हललेलं नाही, वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, मात्र कोयते चालू झालेत. गुडघ्याच्या वर वाढलेलं गवत, पिवळं, कडकडीत. पायजम्याला कुसळं अडकतात, ती काढायला इथे कुणाला वेळ नाही.

हे कोयना अभयारण्य. १९८५ सालचं. चांदोली राष्ट्रीय उद्यानाला जोडून २०१० मध्ये याचाच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, जाळरेषेचं फारसं कुणाला नसतं.

जाळरेषा म्हणजे आगीला घातलेला बांध. आधी थोडं अंतर सोडून गवताचे दोन समांतर पट्टे कापायचे. कापलेलं गवत मधल्या उभ्या गवतावर टाकायचं. मग खराट्याने पट्टे झाडून काढायचे, अगदी अंगण झाडावं तसे, खाली जांभा खडक दिसेपर्यंत. काडी राहिली तर आग तिच्यावरून पलीकडे जाते. दोन-चार दिवस ऊन खाऊ द्यायचं. नंतर वारा पडलेला बघून मधला भाग पेटवायचा.

वारा बघायची रीत साधी आहे. हे काका बघा, चिमूटभर माती बोटांतून सोडतायत. माती डावीकडे गेली. म्हणजे अजून थांबायचं.

आता पेटवलं. आगीचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे ती धावत नाही, रांगते. दोन्ही बाजूंना माणसं आग झोडपायला हिरवे डहाळे घेऊन उभी. ब्लोअर, म्हणजे हवा मारायचं यंत्र, एकच आहे, तोही आज सुरू व्हायला कुरकुरतोय. डहाळ्याला पेट्रोल लागत नाही.

फेब्रुवारीच्या मध्याच्या आत हे उरकावं लागतं, कारण पुढे वणव्याचे दिवस. वणवा बहुतेक वेळा माणूसच लावतो. डोंगर जाळला की गवत चांगलं येतं, असं घरोघरी सांगतात. कोवळं फुटतं, हे खरं. पण दरवर्षी जळणाऱ्या उतारावर जांभळा-हिरड्याचं रोप टिकत नाही आणि उघडी माती वळवाच्या पावसात ओढ्याला लागते.

दुपारी वरून दिसतं ते असं: पिवळ्या सड्यावर एक काळी रेघ, वळत वळत थेट रानाच्या कडेपर्यंत.

आणि हे दुसऱ्या दिवशी सकाळी. राख थंड झालीय. तिच्यात खूर उमटलेत, मोठे, खोल. गवा रात्री रेघ ओलांडून गेलाय.