उचलता येईल तेवढंच

(दृश्य : अंधारी खोली. टॉर्चच्या उजेडात जमिनीवर पसरलेलं सामान.)

पूर किंवा भूकंपासारखी आपत्ती आली तर चार माणसांना तीन दिवस पुरेल एवढं सामान इथे मांडलंय. पाणी, खाणं, औषधं, कपडे, कागदपत्रं. यादीशी ताडून पाहिलं तर काहीही राहिलेलं नाही. आता हे सगळं उचलून जिना उतरायचाय.

नाही जमणार. नुसत्या पाण्याचाच हिशोब करा. पिण्यासाठी आणि जुजबी स्वच्छतेसाठी माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरतात. चार माणसं, तीन दिवस, म्हणजे ४८ लिटर. ४८ किलो!

म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. घरातच अडकून पडलो तर लागणारा साठा. तो कितीही जड असला तरी बिघडत नाही. आणि घर सोडावं लागलं तर पाठीवर जाणारी सॅक. आपण सॅकबद्दल बोलतोय.

सॅकमध्ये माणशी एखाद-दुसरा लिटर पाणी आणि क्लोरीनच्या गोळ्या. एक गोळी किती लिटरला, किती वेळ थांबायचं, हे पाकिटावर छापलेलं असतं. त्यामुळे पाकीट फेकून गोळ्या सुट्या डबीत भरू नका. पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ फडक्यातून गाळा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

(दृश्य : एका मोठ्या बॅगेच्या जागी चार छोट्या सॅक.)

सगळ्यांची मिळून एकच मोठी बॅग भरायचा मोह होतो. ती बॅग ज्याच्या हातात, तो गर्दीत हरवला की बाकीचे रिकाम्या हाताने उभे. ज्याची सॅक त्याच्या पाठीवर, आणि ज्याची औषधं त्याच्याच सॅकमध्ये. लहान मुलाच्या सॅकमध्ये कपड्यांचा जोड, आवडतं खेळणं, आणि आईवडिलांची नावं व फोन नंबर लिहिलेला कागद. खेळणं चैनीचं वाटेल, पण अनोळखी जागी रात्र काढताना त्याचं मोल कळतं.

औषधांपाशी जरा थांबू. रोजची औषधं निदान आठवडाभराची हवीत, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. औषधं संपली तर नव्या डॉक्टरला 'ती पांढरी गोळी' सांगून उपयोग नाही. जुना चष्माही इथेच टाका. नंबर थोडा कमी-जास्त असला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा. ओआरएसची पाकिटं हवीतच, कारण अशा वेळी खराब पाण्यामुळे जुलाब लागायची भीती मोठी. इन्सुलिन मात्र सॅकमध्ये भरून ठेवता येत नाही. त्याला फ्रिजमधला २ ते ८ अंशांचा थंडावा लागतो आणि गोठलं तर ते वाया जातं. मग काय करायचं? सॅकला बाहेरून ठळक चिठ्ठी लावायची : 'फ्रिजमधलं इन्सुलिन'. ऐन वेळी उचलायच्या इतर वस्तूही त्याच चिठ्ठीवर लिहा. घाईत डोकं चालत नाही, डोळे वाचू शकतात.

खाणं शिजवावं न लागणारं. फार खारट नको, त्याने तहान वाढते. डबाबंद पदार्थ घेतले तर डबा उघडायचं साधनही घ्या, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

(दृश्य : टॉर्च, शिट्टी, घडी घातलेलं चमकदार पांघरूण.)

टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवा. आत राहिले तर फुटून टॉर्चच खातात. मेणबत्ती नको, बाहेर गॅस गळत असू शकतो. शिट्टी दिसायला खेळणं, पण ढिगाऱ्याखाली ओरडून माणूस थकतो आणि धूळ छातीत जाते. शिट्टीला एक फुंकर पुरते. तीन वेळा वाजवली की मदतीची हाक. आणि हे चमकदार पांघरूण, मुठीत मावणारं. १९६४ च्या सुमारास नासात अंतराळयानांसाठी घडवलेल्या पत्र्यासारख्या चकचकीत पन्नीचं हे भावंड. अंगाची ऊब ते परत अंगाकडेच वळवतं.

कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. त्यातच सगळ्या कुटुंबाचा एक फोटो. कुणी सापडेनासं झालं तर वर्णन करत बसण्यापेक्षा तो दाखवता येतो. थोडे सुटे पैसेही असू द्या. आणि फोन नंबर कागदावर. घरच्यांचे किती नंबर पाठ आहेत, आठवून पाहा. दूरच्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर सगळ्यांनी निरोप ठेवायला ठरवून घ्या. कॉल लागत नसेल तर मेसेज करा. लाइन तुंबलेली असतानाही तो बऱ्याचदा पोहोचतो.

सॅक माळ्यावर नको. दाराजवळ ठेवा, शेजारी बूट. फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालता येत नाही. दर सहा महिन्यांनी उघडून औषधांच्या तारखा बघा. मुलांचे कपडेही बघा, सॅकमधले कपडे वाढत नाहीत.

(दृश्य : दिवे बंद. चौघं आपापली सॅक शोधताहेत.)

आजींनी आपली सॅक उचलली. दोन पावलं चालल्या, थांबल्या, पुन्हा खाली ठेवली. आतून एक जाड चादर काढून बाजूला टाकली. परत उचलली, आणि आता त्या दारापर्यंत पोहोचल्या.