बिल्डिंगचा फोटो काढला तर कॉपीराइट लागतो का?

परवा फोर्टमध्ये रस्त्यावर उभं राहून एका बिल्डिंगचा फोटो काढत होतो, तर वॉचमन धावत आला, साहेब डिलीट करा, कॉपीराइट आहे. मी केला पण डिलीट, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मग घरी येऊन कायदाच वाचायला घेतला.

तर आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ५२ बघा. इमारतीच्या डिझाइनवर कॉपीराइट असू शकतो हे खरंय, पण तिचा फोटो काढायला, चित्र काढायला आणि ते छापायला तिथे सरळ सूट दिलेली आहे. गेटच्या आत मालक नाही म्हणू शकतो, पण ते त्याची जागा आहे म्हणून, कॉपीराइट आहे म्हणून नाही.

पुतळ्यांना मात्र एक अट आहे, पुतळा सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी पाहिजे. गेटवेसमोरचा शिवाजी महाराजांचा पुतळा, काढा बिनधास्त. पण काळा घोडा फेस्टिव्हलची इन्स्टॉलेशन्स थोड्या दिवसांत निघतात, आणि मंडळाचा गणपती तर अनंत चतुर्दशीला विसर्जनालाच जातो, म्हणजे ही सूट तिथे लागू नाही. स्टेटसला फोटो टाकणाऱ्यांना मी घाबरवत नाहीये हां, पण त्या मूर्तीच्या फोटोचं कॅलेंडर छापून विकणार असाल तर आधी मूर्तिकाराला विचारा, महिनोन्‌महिने राबलेला असतो तो.

आता सगळ्यात गोंधळाचं, भिंतीवरची पेंटिंग्ज. ससून डॉकला गेलात, भिंतीवरचं चित्र आवडलं, त्याचा फोटो टीशर्टवर छापला, तर कलम ५२ मधली पुतळ्यांची सूट कामाला येत नाही कारण त्यात पेंटिंग धरलेलंच नाही, पण तेच चित्र कायमचं तिथे असेल आणि तुमच्या व्हिडिओत आलं तर चालतं, कारण फिल्मसाठी वेगळी सूट आहे आणि ती सगळ्या कलाकृतींना आहे. एकाच भिंतीला दोन नियम! मला हे अजिबात पटत नाही, पण कायद्यात आहे तसंच आहे.

आणि कुलाब्याचं ताज? त्या इमारतीचा २०१७ मध्ये ट्रेडमार्क झालाय. तो कॉपीराइट नाही, त्यामुळे टुरिस्ट म्हणून सेल्फी काढायला काहीच प्रॉब्लेम नाही, ताजचं चित्र लावून स्वतःचा माल विकायला गेलात तर मात्र अडचण.

पॅरिसला जाणार असाल तर आयफेल टॉवरचे दिवसाचे फोटो मोकळे आहेत, रात्रीची लायटिंग मात्र १९८५ ची, तिच्यावर हक्क आहे, म्हणून रात्रीचा फोटो जाहिरातीत वापरायचा असेल तर आधी परवानगी काढा.