कोळशावरची कोळंबी

(दृश्य : वरळी कोळीवाडा, सकाळ. टोपलीत कोळंबी, वर बर्फाचा चुरा.)

आधी ही टोपली नीट बघा. कवच चकचकीत, मिशा शाबूत, डोकं धडाला घट्ट. डोकं लोंबतंय, कवचावर काळे डाग आहेत, वास नाकात झोंबतोय, तर पुढे चला. इथे ती वेळ सहसा येत नाही. वाटा लावता लावता मावशींची बोटं बघा, एखादी कोळंबी अलगद बाजूला पडते. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येत नाही.

सोलून गोठवलेली पाकिटं हल्ली सगळीकडे मिळतात. पण पाकिटातल्या कोळंबीला ना डोकं ना कवच. ताजी की शिळी, ओळखणार कशावरून?

"कशाला पायजे? कालवनाला का भाजायला?" मावशींचा पहिला प्रश्न हाच. भाजायची म्हटल्यावर हात थेट मोठ्या टायगर कोळंबीच्या वाट्याकडे. घासाघीस झालीच, पण ती चालू असताना आमचा कॅमेरा बंद ठेवायला सांगितलं गेलं.

(दृश्य : कोळीवाड्यातल्या घराची गच्ची, मागे सी लिंक. परात, कात्री.)

डोकं काढलं, पण टाकलं नाही. ते वेगळ्या भांड्यात. कवच मात्र अंगावरच ठेवायचं. पाठीवरून कात्री चालवायची आणि टूथपिकने तो काळा धागा उचलून ओढायचा. धागा म्हणजे कोळंबीचं आतडं. अख्खा निघाला की या घरच्या वहिनी तो कॅमेऱ्याला दाखवतात. कवच राहिल्यामुळे विस्तवाचा चटका थेट मांसाला बसत नाही, आणि मसाला पाठीच्या चिरेतून आत जातो.

धुतल्यावर कोळंबी चाळणीत निथळत ठेवायची, मग फडक्याने टिपायची. ही पायरी गाळली की मसाला पाण्याबरोबर परातीत उतरतो. पहिला हात मीठ, हळद आणि कोकमाच्या आगळाचा. पंधरा मिनिटं, बस्स. आंबटात कोळंबी जास्त वेळ ठेवली की तिची प्रथिनं विस्तवावर जाण्याआधीच आवळतात आणि भाजल्यावर ती रबरासारखी लागते. रात्रभर मुरवायला हे काही मटण नाही.

दुसरा हात हिरव्या वाटणाचा. आलं, लसूण, मिरची, भरपूर कोथिंबीर, पाणी जवळजवळ नाहीच. त्यात कोळी मसाला आणि चमचाभर तेल. दही नाही, तंदुरी रंग नाही. रंग कोळंबी स्वतः आणते, आत्ता बघालच.

(दृश्य : शेगडी पेटते. पंखा, ठिणग्या.)

घाई होते ती इथेच. ज्वाला दिसते तोवर काहीही ठेवायचं नाही. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू द्यायची. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या, नाहीतर आधी त्याच पेटतील. एका ओळीला दोन काड्या लावल्या की उलटताना कोळंबी गरगर फिरत नाही. ग्रिल म्हटलं की नवीन वाटतं, पण विस्तवावर सुका बोंबील भाजणाऱ्या घरात या जाळीचं कुणाला अप्रूप?

(दृश्य : जवळून. कोळंबीचा रंग बदलतो.)

हे बघा. करडी-हिरवी कोळंबी कडेपासून केशरी होत चालली. तिच्या अंगात अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. कच्चेपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे निळसर, करडं दिसतं. उष्णतेने ती बांधणी सुटते आणि खरा रंग बाहेर येतो. एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला त्याहून थोडी कमी. अर्धचंद्र झाला, मांस दुधी दिसलं की उतरवायची. वेटोळं झालं तर उशीर झाला. लिंबू पिळायचं ते आत्ता, विस्तवावरून उतरवल्यावर.

(दृश्य : ताट. तांदळाची भाकरी, कांदा. गच्चीवरून दिसणारा समुद्र.)

या पाण्यात कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. होड्या जायच्या कशा, म्हणून इथल्या मच्छीमारांनी झगडून होड्यांच्या वाटेवर ते 120 करून घेतलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताजा माल आटतो, भाव चढतात.

आणि ती बाजूला ठेवलेली डोकी? ती तेलात परतून, पाणी घालून उकळायची, दाबून गाळून घ्यायची. वहिनींनी त्याच पाण्यात उद्याचं कालवण आजच टाकलंय. भाजलेली कोळंबी मात्र आजच संपवायची, परत गरम केली की चिवट होते.